शेंडेखाऊ

सकाळच्या हजेरीला मुकादम खारोबाचं खरं नाव पुकारी, तेव्हा खुद्द खारोबाच मान वळवून बघे, की हा कोण नवा माणूस कामाला लागला. जंगलात आल्यापासून तो खारोबाच होता. आधी नुसता खार. पुढे लग्न झालं, पोट जरा पुढे आलं, कानांवरचे केस पांढरे झाले, तेव्हा भरल्या घरच्या माणसाला नुसतं खार म्हणणं लोकांना बरं दिसेना, म्हणून मागे ‘ओबा’ लागला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याला मिळालेली बढती ती एवढीच.

त्याचं काम झाडावर चढायचं. हौसेनं नव्हे, रोजंदारीवर. त्या जंगलात सरळसोट वाढलेली, सुईसारख्या पानांची झाडं होती, आणि त्यांना अगदी शेंड्याकडे खवल्याखवल्यांची बोंडं धरत. बोंडात बी. ते नर्सरीत पेरायचं, त्याची रोपं करायची, रोपं उतारावर लावायची, आणि मग कधीतरी कोणाच्या तरी नातवानं ती झाडं तोडायची, अशी एकूण योजना होती. खाली पडलेलं बोंड चालत नाही, कारण ते पडेपर्यंत त्यातलं बी वाऱ्यावर केव्हाच पसार झालेलं असतं. म्हणजे कोणीतरी वर जाऊन हातानं बोंडं तोडणं आलं. ते ‘कोणीतरी’ म्हणजे खारोबा.

काम हंगामी. थंडी पडली की बोलावणं येई, ऊन तापायला लागलं की ‘या आता पुढच्या वर्षी’. मधल्या महिन्यांत खारोबानं विटा वाहिल्या, विहिरींतला गाळ काढला, एकदा तर सर्कशीच्या तंबूचे खांब उभे केले; आणि सर्कसवाल्यांनी वर टांगलेल्या झोक्यावरच्या कसरतीसाठी विचारलं, तेव्हा ‘ते जिवाचं काम आहे’ म्हणून नकार दिला. जंगलात विमा होता, पण पट्टा बांधलेला असताना माणूस पडला तरच. पट्टा बांधल्यावर पडतो कोण, असं त्यानं एकदा मुकादमाला विचारलं. म्हणूनच तर विमा देतात, असं मुकादमानं सांगितलं, आणि दोघांनाही ते पटलं.

चढणारा एकटा कधी जात नाही. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर, आणि दोराचं वेटोळं खाली एका माणसाच्या पायाशी. चढणारा वर सरकेल तसा खालचा माणूस दोर सोडत जातो. चढणाऱ्याचा पाय घसरला तर आवळून धरतो. खारोबाचा दोर धरायला त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव कसं पडलं हे कोणाला विचारायची वेळ येत नसे. तो तोंड उघडी आणि विचारणाऱ्याची शंका फिटे. दाजी वर चढत असताना तो खालून अखंड बोलत राही. डावीकडची फांदी वाळलेली आहे, उजवा पाय जरा वर घ्या, काल रात्री वांग्यात मीठ जास्त झालं होतं, मधमाश्या बघा, ताईला सांगा माझी छत्री परत दे. त्याच्या पोटात काही राहत नसे. दुपारच्या डब्यात काय आहे हेसुद्धा तो सकाळीच साऱ्या टोळीला सांगून मोकळा होई, मग दुपारी डबा उघडायची कोणालाच उत्सुकता उरत नसे.

आता शेंड्याची गोष्ट. सगळ्यांत उत्तम बी टोकाजवळच्या बोंडांत असतं, आणि चढणारा टोकापर्यंत गेला की मधूनच परतला हे खालून दिसत नाही; मध्ये फांद्यांचं छप्पर असतं. म्हणून जुन्या मुकादमांनी एक रीत घालून ठेवली होती. उतरण्याआधी चढणाऱ्यानं टोकाची कोवळी डहाळी मोडून खाली टाकायची आणि ओरडायचं, ‘घ्या शेंडा!’ पोत्यावर ती डहाळी बांधलेली असेल तरच मुकादम पोतं मोजणार. म्हाताऱ्या झाडाला त्याचं काही वाटत नाही. त्याची वाढायची ती उंची वाढून झालेली असते. खारोबाचा ‘घ्या शेंडा’ असा खणखणीत असे, की खाली बियाण्याच्या शेडमध्ये काम करणारी त्याची बायको हात न थांबवता म्हणे, ‘उतरले.’

त्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला बातमी आली, की एका चढणाऱ्याला कायम करणार. कायम म्हणजे बारा महिने पगार, रजा, आजारपणात औषध, आणि म्हातारपणी घरी बसून पेन्शन. जागा एकच. हंगाम संपताना जंगलखात्याचे साहेब येतील, त्यांच्यासमोर ‘आजोबा’वर चढून शेंडा टाकायचा. आजोबा म्हणजे त्या जंगलातलं सगळ्यांत उंच झाड. खारोबा आजोबावर इतक्या वेळा गेला होता, की वरच्या एका ढोलीत त्यानं तंबाखूची पुडी ठेवलेली असे, परत येईन तेव्हा लागेल म्हणून. त्यामुळे जागा त्याचीच, याबद्दल टोळीत दुमत नव्हतं. खारोबाच्या बायकोनं तर तोंडानं काही न बोलता मनात उन्हाळ्याची मांडणी सुरू केली. विटा वाहून आल्यावर नवरा रात्री भिंतीला पाठ टेकून बसे आणि उठताना भिंतीलाच धरून उठे. पुढच्या उन्हाळ्यात ते बघावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं. पेन्शनबिन्शन वरकड.

आणि बातमीनंतर आठ-दहा दिवसांनी खारोबाला त्याच्या घराचं कौल दिसलं.

लख्ख सकाळ होती. वारा नाही, ढग नाही. खारोबा एका झाडाच्या टोकाशी मजेत बसून बोंडं तोडत होता. झाडांच्या पलीकडे उतारावर वस्ती दिसत होती, आणि वस्तीत त्याचं घर. छपरावरचं एक कौल सरकलेलं दिसत होतं. त्याच्या मनात आलं, रविवारी वर चढून ते बसवायला हवं. मग मनात आलं, जपून चढायला हवं, कौलं जुनी आहेत, छपरावरून माणूस पडू शकतो. मोडला पाय तर?

घराच्या छपरावरून पडायची काळजी करणारा हा माणूस त्या वेळी तसली दहा-बारा घरं एकावर एक ठेवली तर जेवढी होतील तेवढ्या उंचीवर, मनगटाएवढ्या फांदीवर बसला होता. हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं खाली पाहिलं.

इतकी वर्षं त्यानं खाली पाहिलं नव्हतं असं नाही. पण बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं. त्याचे गुडघे आपले आपण हलायला लागले, आणि खोड छातीशी धरून तो किती वेळ बसला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. खाली भोंगा आपल्या छत्रीबद्दलच बोलत होता. शेवटी खारोबा उतरला, पण फांदी न् फांदी पायानं चाचपत. ‘आज बराच वेळ लागला दाजी,’ भोंगा म्हणाला. दाजींनी पोटात गडबड आहे असं सांगितलं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो निम्म्यापर्यंत गेला आणि त्याच्या पायांनी संप पुकारला. तिथून वर एक फांदीही नाही. रोज तेच. निम्म्यापर्यंत खारोबा जुना खारोबा. निम्म्याच्या वर, कोणीतरी बळजबरीनं वर ढकललेला परका माणूस. मग तो खालच्या फांद्यांवरची बोंडं तोडू लागला. पोतं भरायला तीही पुरत. प्रश्न होता शेंड्याचा.

म्हाताऱ्या झाडांच्या आसपास तरुण झाडं वाढत होती. त्यांचे शेंडे नेमके खारोबा जिथे अडे तिथपर्यंत पोचलेले. हात लांब केला की मिळे. पहिल्या दिवशी त्यानं शेजारच्या झाडाचा शेंडा मोडला तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली, इकडेतिकडे बघून घेतलं, जणू त्या उंचीवर कोणी ओळखीचं भेटणार होतं. मग खाली टाकला आणि ओरडला, ‘घ्या शेंडा!’ आवाज जरा पडेल आला. भोंग्यानं डहाळी उचलली, उलटीपालटी करून बघितली आणि चक्क काही न बोलता पोत्याला बांधली.

आणखी एक बदल झाला, पण त्याचा अर्थ तेव्हा कोणालाच लागला नाही. भोंगा बसून काम करू लागला. दोर धरणाऱ्यानं उभं राहायचं हा नियम. हा पठ्ठ्या दाजी वर गेले की दोराच्या वेटोळ्यावरच बैठक मारी, मांडी पसरून, धान्याच्या पोत्यावर वाणी बसतो तसा. मुकादम त्याच्यावर करवादला. भोंगा म्हणाला, कंबर धरलीय. दुसऱ्यांदा मुकादमानं अर्धी हजेरी कापली. भोंगा बसलेलाच. हा आता आळसावला, असं खारोबालाही वाटलं. पण स्वतः निम्म्यावर थांबणाऱ्यानं दुसऱ्याला आळशी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

इकडे बियाण्याच्या शेडमध्ये खारोबाची बायको टाकीवर उभी असे. बोंडं उन्हात वाळवून झोडपली की बी सुटं होतं, ते पाण्याच्या टाकीत ओतायचं. भरलेलं बी तळाला बसतं, पोचट वर तरंगतं. वरचं चाळणीनं काढून फेकायचं, तळाचं नर्सरीत पाठवायचं. नवऱ्याचं पोतं तिला गाठीवरून ओळखू येई. पोत्याला तसली गाठ मारणारा आणि बुटाच्या नाडीलाही तीच गाठ मारून रोज संध्याकाळी तिलाच ती सोडायला लावणारा माणूस जगात एकच होता. इतकी वर्षं त्याचं बी टाकीत पडे आणि दगडासारखं खाली जाई. त्या वर्षी तिनं पोतं ओतलं आणि निम्मी टाकी तपकिरी झाली. सगळं वर. तिनं हातानं ढवळून पाहिलं. पुन्हा वर.

ती कोणाला काही बोलली नाही. पोचट बी तिनं चाळणीनं काढलं, वाळवलं, आणि संध्याकाळी फेकण्याऐवजी पिशवीत भरून घरी आणलं. चुलीत ते छान पेटतं, तडतडतं, वासही बरा येतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक पिशवी. महिन्याभरात चुलीशेजारच्या कोपऱ्यात पोचट बियांचा ढीग कमरेएवढा झाला. त्या थंडीत खारोबाच्या घरी अंघोळीला जसं कडकडीत पाणी मिळालं तसं आधी कधी मिळालं नव्हतं. खारोबा पाटावर बसून अंगावर पाणी घेई, कोपऱ्यातला ढीग बघे आणि साबण डोळ्यांत गेल्यासारखं तोंड करी.

‘यंदा सरपण पुष्कळ आहे,’ एकदा ती म्हणाली.

‘थंडीही तशीच आहे,’ तो म्हणाला.

त्या विषयावर नवराबायकोचं झालेलं बोलणं बरेच दिवस एवढंच होतं.

कौलाचंही तसंच. ते सरकलेलंच होतं. सकाळी त्या फटीतून उन्हाचा एक चौकोन घरात येई आणि दिवसभर जमिनीवरून फिरत राही. चौकोन बाजेवर आला की बाज सरकवायची, तांदळाच्या डब्यावर आला की डबा हलवायचा. शेवटी बायकोनं त्या चौकोनावर पापड वाळवायला ठेवायला सुरुवात केली आणि चौकोन पुढे सरकला की पापडही पुढे सरकवू लागली. शेजारणीनं विचारलं, तुमचे हे रोज ढगाला हात लावून येतात, मग घरचं एक कौल बसवत नाहीत? खारोबाच्या बायकोनं सांगितलं, मोठ्या माणसांना लहान कामं दिसत नाहीत.

जंगलात मात्र मुकादमाला एक लहान गोष्ट दिसली. मुकादम हा निवृत्तीला आलेला, मनानं सरळ आणि शोध लावायची फार हौस असलेला माणूस होता. आयुष्यात एकही शोध लागला नव्हता हे त्याचं दुःख. एका सकाळी त्याच्या ध्यानात आलं, की तरुण झाडांचे शेंडे गायब आहेत. सगळ्यांचे नव्हे, अधूनमधून, एखाद्दुसऱ्याचे. पाच-सहा झाडं हिंडून पाहिल्यावर त्याचा चेहरा उजळला. किडा. नवा किडा. फक्त शेंडा खाणारा.

‘शेंडेखाऊ,’ त्यानं तिथल्या तिथे बारसं उरकलं.

त्यानं टोळीला जमवून माहिती दिली. हा किडा फक्त कोवळा शेंडा खातो, बाकी झाडाला तोंड लावत नाही, म्हणजे खाण्यापिण्याच्या बाबतीत चोखंदळ आहे. आणि विशेष म्हणजे तो बोंडं तोडायचं काम चालू असतं त्याच बाजूला पसरतो. माणसांच्या वावरानं चेकाळत असावा. भोंग्यानं विचारलं, दिसायला कसा आहे? अजून दिसला नाही, मुकादम म्हणाला, पण धूर्त आहे. खारोबा बुटाच्या टोकानं माती उकरत उभा होता. मग मुकादमानं सगळ्या तरुण झाडांच्या बुंध्यांना चुना फासायला लावला. तो चुना खारोबाच्याच टोळीनं फासला, आणि त्यातही खारोबानं सगळ्यांत जास्त झाडांना, दोन-दोन हात. अपराधी माणूस कामाला बरा.

पण मनाला काही चुना लागेना. तरुण झाडाचा शेंडा मोडला की ते सरळ वाढत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला दोन तोंडं फुटतात, किंवा एका अंगाला कलतं, आणि मग जन्मभर तसंच. आपण मेल्यावरही ही झाडं इथे वाकडी उभी असतील, आणि ती तोडायला येणारा कोणाचा तरी नातू म्हणेल, कुठल्या गाढवानं हे केलं? आणि तरी रोज सकाळी निम्म्यावर पोचलं, की हात आपोआप बाजूला जाई. पोत्याला शेंडा हवा होता, हंगाम नीट पार पाडायचा होता, परीक्षा द्यायची होती. परीक्षेच्या दिवशी पाय शहाण्यासारखे वागतील, असा त्यानं स्वतःशी करार केला होता. पायांनी त्यावर सही केलेली नव्हती.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बायको पापड डब्यात भरत होती.

‘कौल बसवणार आहात, की बाजेलाच चाकं लावून घेऊ?’

‘बसवतो. परीक्षा झाली की बसवतो.’

‘परीक्षा झाली म्हणजे काय वेगळे होणार आहात?’

तिनं डब्याचं झाकण लावलं, ते लागलं की नाही हे दोनदा पाहिलं, आणि मग त्याच्याकडे न बघता विचारलं, ‘अहो, वर काय दिसलं तुम्हाला?’

खारोबानं चुलीकडे बघितलं. आत त्याचंच बी तडतडत होतं.

‘आपलं घर,’ तो म्हणाला.

बायको उठून त्याच्या पायाशी येऊन बसली. तिनं त्याच्या बुटाची गाठ सोडून दिली.

सकाळी साहेब आले. गाडीतून उतरले तेव्हा शांत दिसत होते. अशा माणसाला रागावता येतं की नाही याचा अंदाज येत नाही. मुकादमाला शेंडेखाऊ दाखवायची इतकी घाई, की परीक्षा बाजूलाच राहिली. त्यानं साहेबांना झाडामागून झाड दाखवलं. साहेबांनी दुर्बीण लावून मोडके शेंडे पाहिले, चुना पाहिला, मुकादमाचा फुललेला चेहरा पाहिला.

नवीन कीड असेल तर थांबता येणार नाही, असं ते म्हणाले. पसरली तर सगळं जंगल जाईल. शेंडे गेलेली सगळी झाडं आजच तोडायची आणि जाळायची.

मुकादमानं लगेच करवतवाल्याला हाक मारली.

खारोबा आजोबाच्या बुंध्याशी पट्टा बांधून, हेल्मेट घालून उभा होता. पट्टा आवळताना त्याचे हात थांबले. चुना फासलेली ती तरुण झाडं ओळीनं उभी होती, पांढरे मोजे घालून शाळेत निघाल्यासारखी. करवतवाला त्यांतल्या पहिल्याजवळ गेला आणि दोरी ओढून करवत सुरू करू लागला.

‘साहेब,’ खारोबा म्हणाला, ‘तो किडा मी आहे.’

करवत सुरू झाली होती, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. त्याला जाऊन करवतवाल्याचा हात धरावा लागला आणि शांतता झाल्यावर तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. आणि जे एकदा म्हणायला धीर लागतो ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला किती लागतो, ते ज्याचं त्यालाच माहीत.

मुकादम हसला. भोंगा मात्र तीरासारखा पुढे आला. दाजींना ताप आहे, तो सांगू लागला. किडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय साहेब, हिरवा, एवढा, मागे शेपटी, मिशा पण आहेत. मुकादमाच्या डोळ्यांत आशा चमकली. भोंगा शेपटीच्या रंगापर्यंत पोचला तेव्हा खारोबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘राहू दे रे. झाडं जातील.’

मग त्यानं सगळं सांगितलं. कौल, गुडघे, निम्मं झाड, शेजारचे शेंडे. सांगताना तो साहेबांकडे बघत नव्हता, झाडांकडे बघत होता.

मुकादमाचा अजून विश्वास बसत नव्हता. असं कसं होईल, तो म्हणाला, चढणारा निम्म्यावर थांबला तर दोर उरेल. खाली वेटोळं अर्धं तसंच राहील. मी रोज फेरी मारतो, मला दिसलं असतं. आणि एवढं बोलून तो थांबला, हळूच भोंग्याकडे वळला. सगळेच वळले. भोंगा सवयीनं आताही वेटोळ्यावरच जाऊन बसला होता.

‘ऊठ,’ मुकादम म्हणाला.

‘कंबर धरलीय,’ भोंगा म्हणाला.

खारोबा त्याच्याकडे बघतच राहिला. वांग्यातल्या मिठाची बातमी ज्याच्या पोटात दुपारपर्यंत टिकत नसे, त्या माणसानं हंगामभर ही गोष्ट अंगाखाली दाबून धरली होती; अर्ध्या हजेऱ्या कापून घेतल्या, शिव्या खाल्ल्या, आणि ताईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

‘तुला ठाऊक होतं?’

‘दोर माझ्या हातात असतो दाजी,’ भोंगा म्हणाला. ‘तुम्ही कुठं थांबता ते मला नाही कळणार तर कोणाला? आणि थांबल्यावर दोर कसा थरथरतो, तेही कळतं.’

एवढंच बोलून भोंगा गप्प बसला, आणि तो गप्प बसला याचंच टोळीला जास्त आश्चर्य वाटलं.

साहेबांनी करवतवाल्याला परत पाठवलं. आजोबाकडे मान वर करून बघितलं. मग म्हणाले, की ते स्वतः बंगल्यातला बल्ब बदलायलाही माणूस बोलावतात, त्यामुळे भीतीबद्दल त्यांना काही बोलायचं नाही. पण जागा चढणाऱ्याची आहे. वर जात नाही त्याला ती देता येणार नाही.

‘देऊ नका,’ खारोबा म्हणाला, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज ‘घ्या शेंडा’सारखा खणखणीत निघाला.

मग साहेबांनी शेंड्यांचा हिशेब सांगितला. मोडक्या टोकाच्या लगत जी कोवळी बाजूची फांदी असेल ती वर उचलायची, काठीला सरळ बांधून ठेवायची. दोन-तीन वर्षांत तीच शेंडा होते, झाड विसरून जातं. हे काम उरलेल्या हंगामात खारोबानंच करायचं, हजेरी अर्धी. झाडं निम्म्या उंचीचीच होती. तेवढं खारोबाला जमत होतं.

मुकादम त्या दिवशी कोणाशी बोलला नाही. त्याला फसवणुकीपेक्षा किडा गेल्याचं दुःख मोठं होतं. पुढेही कित्येक दिवस तो एखाद्या बांधलेल्या शेंड्याखाली थांबून निरखून बघे, न जाणो मागाहून खरा आला असेल तर.

कायमची जागा पलीकडच्या डोंगरावरच्या एका चढणाऱ्याला मिळाली. टोळीतल्या कोणी खारोबाला त्यावरून टोमणा मारला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पुष्कळ मारले. पुढच्या हंगामासाठी त्याला बियाण्याच्या शेडमध्ये, टाकीवर मदतनीस म्हणून घ्यायचं ठरलं. तेही हंगामीच, पगार चढणाऱ्यापेक्षा कमी, आणि हाताखाली कोणाच्या तर बायकोच्या. आता या बातमीचा भोंगा गावभर वाजला, हे सांगायला नको. तेवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं त्यानं एका आठवड्यात बाहेर काढलं. उन्हाळ्यात पुन्हा विटा होत्याच. बायकोनं मनातली मांडणी मोडली आणि पाठीला चोळायच्या तेलाची मोठी बाटली आणली. ‘टाकीवर माझ्या हाताखाली पाणी सांडलेलं चालायचं नाही,’ एवढं मात्र तिनं आधीच सांगून ठेवलं.

हंगाम संपल्यावरच्या रविवारी भोंगा जेवायला आला. जेवता जेवता उन्हाचा चौकोन त्याच्या ताटात आला. त्यानं वर बघितलं, दाजींकडे बघितलं, हात धुतला आणि म्हणाला, दोर आणा.

मग त्या वस्तीवर एक देखावा झाला. कधी स्टुलावरही न चढलेला भोंगा कमरेला पट्टा बांधून स्वतःच्या बहिणीच्या छपरावर चालला होता, आणि खाली दोर धरून खारोबा उभा. नियमाप्रमाणे, उभा. भोंग्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता. दोन्ही हातांनी कौलं कवटाळून तो इंचाइंचानं सरकत होता. आणि खारोबा, जो इतकी वर्षं झाडावर गप्प बसून बोंडं तोडत आला होता, तो खालून सुटला होता.

‘डावा पाय आधी. ते नको, ते जुनं आहे. घाई कशाला, पापड जळताहेत का? खाली बघू नकोस. अरे, खाली बघू नकोस म्हटलं ना, मी आहे इथे. आणि तुझी ती छत्री माळ्यावर आहे, जाताना घेऊन जा.’

‘दाजी,’ वरून बारीक आवाज आला, ‘जरा गप्प बसाल?’

बायको दारात उभी राहून तोंडाला पदर लावत होती.

दोराला थरथर होती. खारोबाला ती हातात कळत होती, अगदी मेहुण्याच्या गुडघ्यांपासूनची. त्यानं दोर किंचित आवळला, थरथर जरा कमी झाली. थोड्या वेळानं कौल जागेवर बसल्याचा आवाज आला. घरातला चौकोन मिटला. वरून कौलाचा एक फुटका तुकडा घरंगळत आला आणि अंगणात पडला.

‘घ्या शेंडा,’ भोंगा म्हणाला. ओरडण्याइतका श्वास त्याच्यात उरला नव्हता.

खारोबानं तुकडा उचलला, उलटापालटा करून बघितला, आणि दोराचं वेटोळं पायाशी घेत म्हणाला, ‘बरोबर आहे. ये आता खाली. सावकाश.’